पूर्ण वेढा की अर्धा: इटर्निटी रिंग घेण्यापूर्वी

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला इटर्निटी रिंग, म्हणजे एकसारख्या लहान खड्यांची ओळ बसवलेली अंगठी, घ्यायचे ठरले की दुकानात बोलणे सुरू होते ते कॅरटवरून किंवा किमतीवरून. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हिऱ्यांनी बोटाभोवती पूर्ण वेढा घालावा, की ते फक्त वरच्या अर्ध्या भागात असावेत? आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत. माझी अंगठी पूर्ण वेढ्याची आहे, धाकट्या जावेची अर्ध्या वेढ्याची. दोन्ही एकाच दिवाळीत, एकाच सराफाकडून, अठरा कॅरट सोन्यात आणि दोन मिलिमीटरच्या गोल हिऱ्यांत घेतल्या, आणि आम्ही दोघींनी त्या बारा वर्षे डाव्या अनामिकेत वापरल्या. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की रोज घरकाम करणाऱ्या हातासाठी अर्धा वेढाच योग्य आहे. पूर्ण वेढा सुंदर असतो यात शंका नाही. पण तो घ्यायचा तर त्याच्या अटी आधी समजून घ्याव्यात.

बोटाभोवती हिऱ्यांचे कडे करण्याची कल्पना बरीच जुनी आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने ८ सप्टेंबर १७६१ रोजी, लग्नाच्या दिवशी, राणी शार्लटला हिऱ्यांची अशी अंगठी दिली होती. लग्नाच्या अंगठीची राखण करण्यासाठी ती तिच्या शेजारी घालायची होती. आजच्या नावाने या अंगठीचा मोठा प्रसार मात्र १९६०च्या दशकात झाला. सोव्हिएत संघातील सायबेरियाच्या खाणींतून लहान हिरे मोठ्या प्रमाणावर येऊ लागले, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळावे म्हणून हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या डी बिअर्स कंपनीने लग्नाला बरीच वर्षे झालेल्या जोडप्यांपुढे ही अंगठी मांडली. म्हणजे हा दागिना लहान, एकसारख्या खड्यांच्या संख्येवर उभा आहे. जितके खडे अधिक, तितक्या खडा निखळण्याच्या जागाही अधिक, हे दोन्ही प्रकारांची तुलना करताना लक्षात ठेवावे.

पूर्ण वेढ्याचा खरा कस तळव्याच्या बाजूला लागतो. दुकानात आपण हात पालथा धरून अंगठी पाहतो, तेव्हा दोन्ही प्रकार एकसारखे दिसतात आणि अर्ध्या वेढ्यात काही कमी आहे असे वाटतही नाही. त्याच हाताची मूठ वळून पाहावी. पूर्ण वेढ्यात शेजारच्या बोटांना आणि तळव्याला खडे टोचतात; स्कूटरची मूठ, बसचा दांडा, बादलीची कडी, लाटणे, जे जे आपण धरतो ते सगळे त्या खड्यांवर दाबले जाते. माझ्या बाबतीत घात केला तो परातीच्या कडेने. कणीक उजव्या हाताने मळते, तेव्हा परात धरणाऱ्या डाव्या हाताची अंगठी काढायची गरज मला वाटली नाही. पाचव्या वर्षी एका सकाळी हात धुताना अंगठीच्या खालच्या बाजूला एक रिकामे घर दिसले. ओटा, परात, सिंकची जाळी सगळे पाहून झाले. शेवटी कणीक थोडी थोडी मोडून उंडे करायला घेतले, तेव्हा तिसऱ्या उंड्यात बोटाला हिरा टोचला. सराफाने भिंगाखाली अंगठी तपासली तेव्हा आणखी सात खड्यांचे प्रॉंग, म्हणजे खडा धरून ठेवणारे सोन्याचे बारीक दात, झिजलेले निघाले. ते सगळ्या वर्तुळात विखुरलेले होते. पूर्ण वेढ्याची अंगठी बोटात फिरत राहते आणि ती फिरली तरी दिसण्यात फरक पडत नाही, हे तिचे कौतुक नेहमी ऐकायला मिळते. पण त्या फिरण्यामुळेच प्रत्येक खड्याला केव्हा ना केव्हा तळव्याकडचा मार सोसावा लागतो. जावेच्या अंगठीचा खालचा भाग नुसत्या सोन्याचा आहे. त्यावर ओरखडे आहेत, पण पॉलिश केले की ते जातात.

अर्ध्या वेढ्याचा दोष याच्या उलट आहे. वरची बाजू खड्यांमुळे जड असल्याने अंगठी थोडी जरी सैल असली तरी ती कलंडते, आणि नुसते सोने वर येते. यावर उपाय आहे: अंगठीच्या आत, खालच्या बाजूला, सोन्याचे दोन बारीक दाणे जोडून घेतले की ती जागेवर राहते. पूर्ण वेढ्यात असे दाणे जोडायला सलग धातूच मिळत नाही.

मापाच्या बाबतीत तर दोघींची तुलनाच होऊ शकत नाही. बोट कायम एका मापाचे राहत नाही. गरोदरपणात, उन्हाळ्यात, वजन वाढल्यावर, सांधे सुजल्यावर ते बदलते. सकाळी ते बारीक असते आणि संध्याकाळी जाड. भारतीय मापात अंगठीच्या आतल्या घेराच्या मिलिमीटरमधून ४० वजा केले की साधारण नंबर मिळतो, म्हणजे ५२ मिलिमीटर घेर असेल तर नंबर १२. अर्ध्या वेढ्याची अंगठी खाली कापून, सोने घालून किंवा काढून, एखाद-दोन नंबरांनी सहज लहान-मोठी करता येते. पूर्ण वेढ्यात कापायला जागा नसते. माप बदलायचे म्हणजे बहुधा नवी अंगठी घडवून जुने खडे तिच्यात बसवायचे. जावेने चाळिशीनंतर तिची अंगठी १२ वरून १३ नंबरची करून घेतली, आणि जोड कुठे आहे हे आता तिलाही सांगता येत नाही. माझी अंगठी अनामिकेच्या सांध्यावरून जाईनाशी झाली, म्हणून आता ती करंगळीत असते. तिशीच्या आतल्या मुलीने पूर्ण वेढा घ्यावा असे मी म्हणूनच सुचवत नाही. अपघातात बोट सुजले आणि रुग्णालयात अंगठी कापावी लागली, तरी हाच फरक आडवा येतो: अर्धा वेढा खालून कापून पुन्हा जोडता येतो, पूर्ण वेढा कापताना खडे आणि त्यांची घरे यांचे नुकसान ठरलेले असते.

माप देताना संध्याकाळी जावे, आणि जितक्या रुंदीची अंगठी घ्यायची तितक्याच रुंदीच्या मापाच्या रिंगेने माप घ्यायला सांगावे, कारण रुंद अंगठी त्याच नंबरात अधिक घट्ट बसते. सांध्यावरून जाताना थोडा अडथळा यावा आणि बोटाच्या मुळाशी ती सहज फिरावी, इतका बेत पुरे.

आता खर्चाचा हिशेब. दोन मिलिमीटरचा गोल हिरा साधारण तीन सेंटचा, म्हणजे ०.०३ कॅरटचा असतो (हा कॅरट वजनाचा, सोन्याचा कॅरट शुद्धतेचा). १२ नंबरच्या पूर्ण वेढ्यात असे २६-२७ खडे बसतात आणि एकूण वजन ०.८० कॅरटच्या आसपास जाते. अर्ध्या वेढ्यात १३ खडे आणि सुमारे ०.४० कॅरट. पूर्ण वेढ्याचे बजेट असूनही अर्धा वेढा घ्यायचा ठरवला, तर अडीच मिलिमीटरचे, सहा सेंटचे ११ खडे घेऊन ०.६६ कॅरटमध्ये भागते, आणि हात पालथा धरल्यावर तीच अंगठी अधिक भरीव दिसते. मोठ्या खड्यांचा प्रति कॅरट दर थोडा चढा असतो, हे मात्र त्यात धरावे. तीन चतुर्थांश वेढ्याचाही एक मधला प्रकार मिळतो. बोटांच्या फटींतूनही चमक दिसावी असे ज्यांना वाटते, त्यांनी तो जरूर पाहावा. फक्त माप बदलण्याची सोय त्यात मर्यादित असते.

खडे कसे बसवले आहेत याला मी हिऱ्यांच्या रंगापेक्षा अधिक महत्त्व देते. प्रॉंगमध्ये प्रकाश सर्वांत मोकळा खेळतो, पण दात झिजतात आणि पदराच्या जरीत किंवा स्वेटरच्या लोकरीत अडकतात. चॅनेलमध्ये खडे सोन्याच्या दोन भिंतींमध्ये ओळीने बसतात. कडा झाकल्या जातात, काही अडकत नाही, चमक किंचित कमी होते. बंद कोंदणात प्रत्येक खड्याभोवती सोन्याची कड असते आणि ते सर्वांत सुरक्षित. पावेमध्ये अगदी बारीक खडे सोन्याच्या कणांएवढ्या दाण्यांनी धरलेले असतात, आणि रोजच्या वापराला मी तो प्रकार घेऊ नये असेच सांगेन. अर्धा वेढा आणि चॅनेल ही जोडी कामाच्या हाताला सर्वांत मानवते.

धातूबद्दल एक सवय सोडावी लागते. पाटल्या, बांगड्या, गुरुपुष्याला घेतलेली वेढणी या सगळ्यांसाठी आपण २२ कॅरट किंवा त्याहून शुद्ध सोने मागतो आणि ते बरोबरच आहे. पण बारीक खडे धरून ठेवायला ते मऊ पडते. येथे ७५० टंचाचे (हजारात ७५० भाग शुद्ध सोने), म्हणजे १८ कॅरट सोने घ्यावे; ५८५ टंचाचे १४ कॅरट आणखी कणखर असते. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो आणि तो दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. प्लॅटिनमचा पांढरेपणा त्याचा स्वतःचा असतो, आणि ओरखडा पडला तरी त्यातला धातू फारसा निघून जात नाही, नुसता बाजूला सरकतो, म्हणून त्याचे प्रॉंग दीर्घकाळ टिकतात. मात्र ते वितळायला १७६८ अंश सेल्सिअस तापमान लागते, शुद्ध सोन्याला १०६४; त्यामुळे गावातल्या प्रत्येक सोनाराकडे त्याची दुरुस्ती होत नाही. ज्यांच्या जवळपास प्लॅटिनमचे काम करणारा कारागीर नाही, त्यांनी सोनेच घ्यावे.

खाणीतला हिरा की प्रयोगशाळेत वाढवलेला, या प्रश्नाचा वापराशी संबंध नाही. दोन्ही कार्बनचेच, काठिण्यही सारखेच. फरक किमतीत आणि मोडीत आहे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले असल्याने, मोडीत काही हाती येईल ही अपेक्षा न ठेवता ते घ्यावेत. माणिक आणि नीलम काठिण्याच्या मोह्स मापनात (त्यात हिरा दहावर) नऊवर असल्याने चालतात, पाचू रोजच्या अंगठीत घेऊ नये.

शार्लट राणीची अंगठी राखणीसाठी होती, पण प्रत्यक्षात हिऱ्यांची अंगठी शेजारच्या अंगठीला घासते आणि तिचे सोने झिजवते. शेजारीही हिरे असतील तर खड्यांच्या कडा एकमेकींवर आपटून उडू शकतात. एकाच बोटात दोन्ही घालायच्या असतील तर मध्ये एक बारीक साधे वळे घालावे, नाहीतर हात बदलावा.

निगा दोन्ही प्रकारांची बहुतांशी सारखीच. हिऱ्याला तेल-तूप पटकन चिकटते, म्हणून फोडणी आणि क्रीम यांनी तो आठवडाभरात मंद दिसू लागतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकून अंगठी दहा मिनिटे ठेवावी, मऊ ब्रशाने खड्यांच्या मागची बाजू घासावी, आणि धुताना सिंकची जाळी बंद ठेवावी. ब्लीचिंग पावडर आणि पोहण्याच्या तलावातले क्लोरीन सोन्यातल्या मिश्र धातूंवर परिणाम करून प्रॉंग ठिसूळ करते, म्हणून फरशी पुसताना आणि पोहताना अंगठी काढावी. आपल्याकडे वर्षाचे धान्य भरताना त्यात पाऱ्याच्या गोळ्या घालण्याची पद्धत आहे. ते धान्य हाताळताना तर अंगठी हातात नसावीच, कारण पारा सोन्यात मुरतो आणि ते पांढरे व ठिसूळ होते. महिन्यातून एकदा अंगठी कानाजवळ धरून हलके टिचकी मारावी. खडा सैल असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. वर्षातून एकदा सराफाकडे भिंगाखाली तपासणी करावी, पूर्ण वेढ्याची असेल तर दोनदा. बाकी दागिन्यांबरोबर एकाच डबीत ती ठेवू नये, कारण हिरा इतर सगळ्यांवर ओरखडे काढतो.

पावतीकडे शेवटी वळावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बंधनकारक आहे, आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना मात्र हॉलमार्किंगमधून, म्हणजे शुद्धतेची खूण उमटवण्यातून, सूट आहे. नाजूक अर्धा वेढा कधी कधी त्यात बसतो, तेव्हा किंचित जड घडवून हॉलमार्क मागून घ्यावा. तळाची जाडी दीड मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. पावतीवर एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, खड्यांची संख्या आणि त्यांचे कॅरटमधले वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. माझ्या पावतीवर २६ खडे आणि ०.७८ कॅरट असे लिहिले आहे, म्हणजे ०.१५६ ग्रॅम. तेवढे वजन सोन्यातून वजा केलेले आहे की नाही, हे दुकानातच, काट्यासमोर उभे राहून पाहून घ्यावे.