खेळत्या भांडवलाचे सहा रविवार : जळगावातील एका प्रशिक्षणवर्गाविषयी

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलमध्ये मी अकरा वर्षे हिशेब सांभाळते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेला दरमहा द्यावे लागणारे साठ्याचे पत्रक हे सारे अंगवळणी पडलेले असूनही, मालकांसमोर कागद ठेवताना मी फक्त आकडे वाचून दाखवत असे आणि त्यांचा अर्थ सांगायची वेळ आली की गप्प बसत असे. म्हणून, मुंबईत बावीस वर्षे मोठ्या कंपन्यांच्या वित्त विभागात काम करून गावी परतलेल्या एका ताईंचा खेळत्या भांडवलावरचा, म्हणजे रोजचा धंदा चालवताना गुंतून राहणाऱ्या पैशावरचा, वर्ग मी लावला. सहा रविवार, प्रत्येकी तीन तास, शुल्क साडेचार हजार रुपये.

ताईंनी पहिल्याच दिवशी आमचाच धंदा फळ्यावर मांडला. तूर हंगामात रोखीने किंवा थोड्या दिवसांच्या उधारीने घ्यावी लागते, डाळ मात्र वर्षभर उधारीवर जाते. साठा ६० दिवस पडून, वसुली ४५ दिवसांनी आणि आपल्याला मिळणारी उधारी १५ दिवसांची, म्हणजे पैसा ९० दिवस अडकलेला. रोजचा खर्च एक लाख धरला तर ९० लाख रुपये कायम धंद्यात गुंतून राहणार. पत्रकात नफा दिसत असूनही पगाराच्या तारखेला आमची ओढाताण का होते, हे मला त्या एका बेरीज-वजाबाकीने कळले. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे तर साठा जवळपास नसतोच, तरी त्याचा पैसा अडकण्याचे दिवस आमच्याहून जास्त निघाले, कारण उत्तरेकडच्या मंडयांतली त्याची येणी महिनोन्‌महिने थकलेली होती.

चौथा रविवार मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्या दिवशी ताईंनी स्वतःचे अनुभव सांगितले. नोकरीच्या आठव्या वर्षी तिमाहीअखेर वरिष्ठांनी तोंडी सांगितले म्हणून ताईंनी बुडीत येण्यांची तरतूद, म्हणजे वसूल न होणाऱ्या उधारीपोटी नफ्यातून वजा करायची रक्कम, पुढच्या तिमाहीत ढकलली. लेखापरीक्षकाने विचारले तेव्हा हाती कागद नव्हता आणि वरिष्ठांना काही आठवत नव्हते. तेव्हापासून प्रत्येक तोंडी सूचनेनंतर त्याच संध्याकाळी त्या दोन ओळींचा ईमेल पाठवू लागल्या : "आज झालेल्या बोलण्यानुसार अमुक नोंद करत आहे. काही चुकत असल्यास कळवावे." बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर "हलके काम" म्हणून बँकांशी होणाऱ्या वाटाघाटी त्यांच्याकडून काढून घेतल्या गेल्या. त्यांनीही ते सोय म्हणून स्वीकारले, आणि ते काम परत मिळवायला तीन वर्षे गेली. हे सांगताना त्यांनी कोणालाही दोष दिला नाही, पण वर्गातल्या आम्हा सात बायकांपैकी कोणीच बराच वेळ काही बोलले नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी मालकांसमोर "मला वाटतं" असे न म्हणता थेट आकड्यापासून सुरुवात केली : ९० दिवसांपुढची येणी किती आणि त्यातली दोनच गिऱ्हाइकांकडे किती. त्यांनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि माझ्यासमोरच पहिल्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

काही उणिवाही आहेत. पाचव्या रविवारी परकीय चलनाच्या जोखमीवर दोन तास गेले, ज्याचा आमच्यापैकी कोणालाच उपयोग नव्हता. त्याउलट १९६१च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ४३ब(एच) वीस मिनिटांत आटोपले. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून (म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या हिशेबापासून) सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकवली नाहीत, तर त्या खर्चाची वजावट रक्कम प्रत्यक्ष दिली जाते त्याच वर्षी मिळते. खान्देशातल्या डाळ मिल आणि जिनिंगवाल्यांना हा विषय रोजचा आहे, त्याला एक अख्खा रविवार द्यायला हवा होता. शिवाय सकाळी आठची वेळ चोपडा-चाळीसगावहून येणाऱ्या मुलींना फार अडचणीची होते.

तरीही लेखा विभागात काम करणाऱ्या प्रत्येकीने हा वर्ग लावावा, असे मी मनापासून सांगेन. जाताना आपल्या फर्मची मार्चअखेरची येणेबाकीची दिवसवार यादी (कोणाकडे किती रक्कम किती दिवसांपासून थकली आहे ती), नावे झाकून का होईना, सोबत न्यावी; ती नसलेल्यांना तिसऱ्या रविवारी नुसते बघत बसावे लागले.