व्यापारी संघाची वर्गणी: दरवर्षीची की आजीव?

आमच्यासारख्याच एका तालुक्यातल्या व्यापारी संघाच्या खजिनदारांनी विचारलं, "दरवर्षी हजार रुपये घेत राहू, की एकदाच दहा हजार घेऊन सभासद आजीव करू?" समजा सभासद ३०० आहेत.

हातात येणारा पैसा: आजीवचे एकदम ३० लाख जमतात, वार्षिकचे फक्त ३ लाख. पण ३० लाखांची ठेव ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला २ लाख १० हजारच मिळतात. पुढे भाडं, कारकुनाचा पगार, ऑडिट फी वाढतच जाणार. महागाई ५ टक्के धरली तर साधारण १४ वर्षांत खर्च दुप्पट होतो, व्याज मात्र तेवढंच. वार्षिक वर्गणी सभेत ठराव करून वाढवता येते. आजीव सभासदाकडे पुन्हा हात पसरता येत नाही.

कर: इथे बरेच संघ फसतात. बंगळूर क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बँकठेवीवरच्या व्याजाला परस्परतेच्या तत्त्वाची (सभासदांनी आपापसात जमवलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, म्हणून त्यावर कर नाही, या तत्त्वाची) सूट नाकारली. म्हणजे ठेवीच्या व्याजावर कर लागतो. शिवाय एकाच वर्षात ३० लाख जमवले, तर सेवांसाठीची २० लाखांची जीएसटी नोंदणीची मर्यादा ओलांडण्याचा प्रश्न येतो. सीएला आधी विचारा.

मेहनत: वार्षिकला दारोदार वसुली, थकबाकी, पावत्या. हा त्रास खरा आहे, पण त्यानिमित्ताने पदाधिकारी दुकानात जातात, तक्रारी ऐकतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

इमारत बांधायची असेल तर आजीव घ्या, आणि तो पैसा इमारतीतच घाला. रोजचा कारभार चालवायचा असेल तर वार्षिकच.