सही, नकार की मौन: शिस्तभंगानंतर शाळेने मागितलेल्या संमतीचा विचार

अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाच्या हातून शाळेत मारामारी किंवा मोडतोड झाली, की पालकांच्या हाती बहुधा दोन कागद पडतात: एक सस्पेन्शनची नोटीस आणि दुसरा मुलाच्या वर्तनाची कारणे शोधणाऱ्या मूल्यमापनासाठीचा, म्हणजे एफबीएसाठीचा, संमतीअर्ज. तिथल्या मराठी पालकांपुढे मग तीन वाटा असतात: सही करणे, लेखी नकार देणे किंवा कागद तसाच पडू देणे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. शिस्तभंगामुळे मुलाला नेहमीच्या वर्गाबाहेर काढण्याचा निर्णय झाला आणि हा काळ सलग १० शालेय दिवसांच्या पुढे जाणार असला, तर निर्णयापासून १० शालेय दिवसांच्या आत ‘मॅनिफेस्टेशन’ बैठक घेणे आयडीईए या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. घडलेले वर्तन अपंगत्वामुळे झाले का, किंवा शाळेने आयईपी, म्हणजे मुलासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना, नीट न राबवल्याचा तो थेट परिणाम आहे का, एवढेच तिथे ठरते. या बैठकीला पालकांची संमती लागत नाही. त्यामुळे एफबीए नाकारल्याने बैठक टळत नाही की शिक्षा थांबत नाही.

सही केल्याने काय मिळते, ते निरीक्षणाच्या तक्त्यावर दिसते. वर्तनाच्या आधी काय झाले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले, असे त्यात साधारण तीन रकाने असतात. समजा, घटनेच्या अहवालात ‘शिक्षिकेच्या अंगावर ट्रे फेकला’ एवढेच आहे. तक्त्यात मात्र चार दिवसांच्या नोंदींत प्रत्येक वेळी आधीच्या रकान्यात जेवणाची घंटा आणि रांगेतली धक्काबुक्की आलेली दिसली, तर बोलणे शिक्षेवरून रांगेकडे वळते. वर्तन अपंगत्वाशी निगडित ठरल्यास आधी झालेला नसेल तर एफबीए करून वर्तन-योजना राबवणे आणि मुलाला पूर्वीच्या वर्गात परत घेणे शाळेला भाग पडते; शस्त्र, अमली पदार्थ किंवा गंभीर शारीरिक इजा असेल, तर मात्र त्याला ४५ शालेय दिवसांपर्यंत अन्यत्र ठेवता येते.

नकाराची किंमत मुलागणिक बदलते. आयईपी असलेल्या मुलाच्या बाबतीत शाळा पालकांच्या नकाराविरुद्ध सुनावणीकडे जाऊ शकते, पण तसे करणे तिला बंधनकारक नाही. बहुधा विषय तिथेच राहतो आणि फाइलमध्ये फक्त शाळेने लिहिलेले घटनांचे अहवाल उरतात. ज्याची विशेष शिक्षणासाठीची पात्रता अजून ठरलेली नाही, अशा मुलाचे मूल्यमापनच पालकांनी नाकारले असेल, तर नुकसान मोठे आहे: अपंगत्वाची आम्हाला कल्पना नव्हती असे शाळेला म्हणता येते आणि शिस्तीबाबतचे संरक्षण जाते. माझ्या मते हा नकार सर्वांत महाग पडतो.

गप्प बसणे म्हणजे नकार नव्हे. आयईपी असलेल्या मुलाच्या पालकांनी वारंवार विचारूनही उत्तर दिले नाही, तर शाळा पुनर्मूल्यमापन संमतीविना करू शकते. नकारच द्यायचा असेल, तर तो लेखी द्यावा.

निष्कर्ष पटले नाहीत, तर सरकारी खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येते, असे केंद्रीय शिक्षण विभागाने २००९ च्या मार्गदर्शनात म्हटले. परंतु २०२० मध्ये ट्रम्बुल प्रकरणात सेकंड सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने एफबीएला या हक्कापुरते ‘मूल्यमापन’ मानले नाही. हा निकाल न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमॉंटला लागू आहे, न्यू जर्सीला नाही. म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या आणि न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या कुटुंबाचे गणित वेगळे आहे.

संमती मातृभाषेत पूर्ण माहिती मिळाल्यावरच ग्राह्य धरली जाते. आपले इंग्रजी ऑफिसपुरते चांगले असले, तरी या कागदासाठी दुभाषा मागण्यात कमीपणा मानू नये. मी स्वतः सहीच्या बाजूने आहे. मात्र निरीक्षण कोण करणार, कोणत्या तासांना, किती दिवस, आणि त्यात जेवणाची सुट्टी व बसप्रवास येतो का, हे अर्जावर लिहून घेतल्यावरच.