पुनर्वसन रुग्णालयातली खाट की घरी थेरपी?

पक्षाघातानंतर वडिलांसाठी खाटेची वाट पाहावी की घरीच थेरपी सुरू करावी, असं एका मैत्रिणीनं विचारलं.

खाट महाग, कारण तिच्यामागे 24 तास नर्सिंग, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. रुग्णालयाचा निधी आटला की आधी ही माणसं कमी होतात. मग खाट रिकामी असूनही रुग्ण घेता येत नाही. घरी पैसे कमी लागतात, पण उचलणं-बसवणं, रात्रीचं जागरण घरच्यांवर येतं. ते बिलात कधीच दिसत नाही.

परिणाम? सौम्य ते मध्यम पक्षाघातात प्रशिक्षित पथक घरी येत असेल, तर लवकर घरी नेणं चांगलं, असं अभ्यासांत दिसलं आहे. गिळता येत नसेल किंवा तोल अजिबात नसेल, तर खाटेसाठीच आग्रह धरा. तोवर थेरपी मात्र थांबवू नका.