चूक समोरच्याची, भुर्दंड आपल्याला: फाइल चार्ज वसूल करायचे तीन रस्ते

मागच्या आठवड्यात नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर माझ्या मावसभावाच्या गाडीला एका पिकअपने मागून ठोकलं. संध्याकाळी त्याचा फोन. "ताई, क्लेम टाकू की त्याच्याकडूनच पैसे घेऊ? गॅरेजवाला म्हणतोय टाका क्लेम, हजार रुपये फाइल चार्ज भरला की झालं."

हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. अमृतधाम चौकात मी थांबले होते आणि टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी मागून आदळली. ड्रायव्हर पोरगेलासा होता, हात जोडत होता. मी त्याच्या गाडीच्या नंबरचा फोटोसुद्धा न घेता त्याला जाऊ दिलं. त्याला जाऊ दिल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुढचा हिशेब न करता क्लेम टाकला, याचं मात्र वाटतं.

ज्याला आपण फाइल चार्ज म्हणतो ती पॉलिसीतली अनिवार्य वजावट असते. खासगी कार १५०० सीसीपर्यंतची असेल तर १,००० रुपये, त्याहून मोठी असेल तर २,०००. प्रत्येक क्लेमला ती आपल्याच खिशातून जाते, चूक कोणाचीही असो. प्रीमियम कमी व्हावा म्हणून पॉलिसी घेताना ऐच्छिक वजावट निवडली असेल (२,५००, ५,०००, ७,५०० किंवा १५,०००), तर ती यावर आणखी. ही निवड आपण केली होती हे बऱ्याच जणांच्या लक्षातही नसतं, म्हणून आधी पॉलिसीचा कागद काढून बघा.

पहिला रस्ता: स्वतःच्या कंपनीकडे क्लेम

सगळ्यात सोपा. गॅरेज ओळखीचं, कॅशलेस, सर्व्हेअर येतो, आठ-दहा दिवसांत गाडी हातात. समोरचा कोण, त्याचा विमा होता की नाही, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. विमा कंपन्यांमध्येही आपापल्या ग्राहकाचं नुकसान आपणच भरायचं असा समझोता आहे, त्यामुळे सगळे याच रस्त्याला ढकलतात.

पण माझं बिल बघा. एकूण १८,४००. त्यात बंपर ४,२००, टेललॅम्प ३,६००, डेंटिंगची मजुरी ४,६००, पेंटिंग ६,०००. प्लास्टिकच्या भागांवर गाडीचं वय न बघता ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापतात, म्हणजे ३,९००. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे ७५०. वर फाइल चार्ज १,०००. माझ्या खिशातून ५,६५० गेले, कंपनीने १२,७५० दिले.

खरी किंमत कळली ती पॉलिसीच्या नूतनीकरणाला. त्या वर्षी मला ४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न टाकल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) मिळायचा होता, तो शून्यावर आला. माझ्या पॉलिसीतला ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) मूळ प्रीमियम ९,००० रुपये. पहिल्याच वर्षी ४,०५० जास्त भरले. पुढे बोनस २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी परत चढतो, आणि क्लेम टाकला नसता तर तोवर मी ५० टक्क्यांवर असते. प्रीमियम तसाच राहील असं धरलं तर पाच वर्षांत १०,८०० रुपये जास्त जातात. १८ टक्के जीएसटी मिळवला की १२,७४४. गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. तरी कंपनीने दिलेले १२,७५० जवळजवळ माझ्याकडूनच हप्त्याहप्त्याने परत जाणार आहेत.

झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कवच) घेतलेलं असेल तर घसारा वाचतो, फाइल चार्ज आणि बोनस वाचत नाही. बोनस वाचवणारं वेगळं ॲड-ऑन मिळतं. ते असेल तर मात्र बिनधास्त क्लेम टाका.

दुसरा रस्ता: जागेवर मिटवणं

वीसेक हजारांच्या आतलं नुकसान असेल आणि समोरचा देणारा असेल, तर मला हाच रस्ता पटतो. फक्त रस्त्यात उभं राहून आकडा ठरवू नका. बाहेरून बंपरला ओरखडा दिसतो, खोलल्यावर आतलं क्लिप-ब्रॅकेट तुटलेलं निघतं. दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे, लायसन्सचे फोटो काढा, एम-परिवहनवर त्याचा विमा चालू आहे का ते तिथेच बघा, आणि गॅरेजचं एस्टिमेट आल्यावर पैसे यूपीआयने घ्या. कशासाठी घेतले ते दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या.

एक गोष्ट मात्र करू नका. त्याच्याकडून पैसे घेऊन त्याच नुकसानीचा क्लेमही टाकायचा, असं काही जण सुचवतात. एका नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. कंपनीला कळलं तर क्लेम नाकारला जाईल.

तिसरा रस्ता: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण

जखमी झालं किंवा कोणी गेलं तरच इथे जाता येतं, असा समज आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ आणि १६६ खाली मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा होतो, आणि आपली गाडी ही मालमत्ताच. समोरच्या कारचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा) अशा नुकसानीला साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत संरक्षण देतो. थोडा प्रीमियम वाचवायला मालकाने ही मर्यादा ६,००० वर आणलेली असू शकते. तसं असेल तर वरची रक्कम मालकाकडूनच मागावी लागते.

पहिला आणि तिसरा रस्ता एकत्रही चालतात. आपल्या कंपनीने जेवढे दिले तेवढ्यापुरता वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो. फाइल चार्ज, ऐच्छिक वजावट, घसारा हे तिने दिलेलेच नसतात, म्हणून ते मागायचा हक्क आपल्याकडे राहतो. त्यासाठी कंपनीकडून कोणत्या भागावर किती कापलं याचा तपशील लेखी मागून घ्या. तोच आपला पुरावा. क्लेम मिटवताना जे कागद सहीसाठी येतात त्यांत सगळे हक्क सोडल्याचं तर लिहिलेलं नाही ना, तेही वाचा.

या रस्त्याला वेळ फार लागतो. वकील लागतो, तारखा पडतात, वर्षं जातात. त्यामुळे नुसत्या हजार रुपयांच्या फाइल चार्जसाठी सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टाच्या पायऱ्या चढू नका असंच मी सांगेन. रक्कम पंधरा-वीस हजारांच्या पुढे असेल तर गोष्ट वेगळी. राष्ट्रीय लोकअदालतीत असे दावे तडजोडीने लवकर सुटू शकतात. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा; महिलांना तिथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. मंजूर रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याजही मिळू शकतं.

पोलिसांचा कागद नसेल तर हा रस्ता जवळजवळ बंदच. "विम्यातून घ्या ना, कशाला तक्रार करता," असं ठाण्यात ऐकायला मिळतं. तरी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनाम्याचा आग्रह धरा. समोरच्या गाडीची माहिती मागितल्यावर दावेदाराला ती देणं पोलिसांवर आणि आरटीओवर कायद्याने बंधनकारक आहे. दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करा. अपघात कसारा घाटात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात झाला असला तरी आपण नाशकात राहत असू तर दावा इथेच लावता येतो.

समोरच्याच्या कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात किंवा विमा लोकपालाकडे मात्र जाता येत नाही, कारण आपण तिचे ग्राहक नसतो. आणि आपली स्वतःची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर पहिला रस्ता मुळात नाहीच. मिटवणं किंवा न्यायाधिकरण, एवढेच दोन उरतात.

मावसभावाचं एस्टिमेट ६२,००० आलं. पॉलिसी काढून बघितली तर ७,५०० ची ऐच्छिक वजावट, झिरो डेप नाही. फाइल चार्ज धरून ८,५०० आणि घसाऱ्याचे अंदाजे १४,०००, म्हणजे साडेबावीस हजार त्याच्या अंगावर. पिकअपचा मालक पाच हजारांच्या वर जायला तयार नव्हता. मी मावसभावाला क्लेम टाकून उरलेल्या रकमेसाठी दावा लावायला सांगितलं. परवा तो पोलीस ठाण्यात अर्ज देऊन, शिक्का मारलेली पोच घेऊन आला. पंचनाम्यासाठी सोमवारी पुन्हा जाणार आहे.