मांत्रिक पंडितांचा देश जगणार कशावर: नालंदा की टिंबक्टू?

कथेसाठी विद्वान मांत्रिकांचा देश रचताना मी मंत्रांच्या आधी त्यांची चूल कशावर पेटते ते ठरवते. इतिहासातले दोन नमुने त्यासाठी फार उपयोगी पडतात.

नालंदा म्हणजे दानावर चालणारी व्यवस्था. ७ व्या शतकात ह्युएन त्संगने नोंदवलं, की सुमारे १०० गावांचं उत्पन्न विहाराला लावून दिलं होतं आणि तिथली घरं रोज तांदूळ, दूध, लोणी पोचवत. त्याच शतकात नंतर आलेला चिनी भिक्षू इत्सिंग २०० हून अधिक गावं सांगतो. पोटाची अशी निश्चिंती असेल तर मांत्रिकांचं संशोधन बहरेल, पण राजाश्रय आटला की सगळंच आटेल.

टिंबक्टू, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं सहाराच्या काठचं जुनं व्यापारी आणि विद्येचं शहर, मला जास्त भुरळ घालतं. उत्तरेकडून सहारा ओलांडून उंटांवर तगाझा इथल्या वाळवंटी खाणींचं मीठ येई, दक्षिणेकडून सोनं, नायजर नदीतून होड्यांनी धान्य. १६ व्या शतकाच्या सुरुवातीचा प्रवासी लिओ आफ्रिकानस लिहितो, की तिथे इतर कुठल्याही मालापेक्षा हस्तलिखितांच्या विक्रीत जास्त नफा होता. केवढी विलक्षण गोष्ट! यातून मंत्रपोथ्यांच्या नकला करणारे, कागदाचे व्यापारी, पोथीचं मोल ठरवणारे दलाल असा अख्खा बाजार उभा राहतो. धोका इथेही आहेच. १५९१ मध्ये मोरोक्कोचं सैन्य चालून आलं आणि दोन वर्षांनी अहमद बाबासारख्या पंडितांना कैद केलं गेलं.

तरीही माझ्या देशासाठी मी टिंबक्टूच निवडते. नालंदेकडून काही गावांचा सारा तेवढा घेईन, विद्यार्थ्यांच्या भातापुरता.