स्कूटर चालू होत नसताना साधा मल्टीमीटर किती उपयोगी पडतो

सेल्फचे बटण दाबले की इंजिन जेमतेम कण्हते आणि थांबते, हेडलाइट मंदावतो, आणि बघणारा प्रत्येक जण ‘बॅटरी गेली’ असे सांगून मोकळा होतो. माझ्या स्कूटरचे असेच झाले, तेव्हा नवी बॅटरी आणण्याआधी घरात पडून असलेला साधा डिजिटल मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट वगैरे मोजायचे छोटे यंत्र, लावून पाहिला. त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी तपासली, तेव्हा १२.६ हा आकडा आला. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी साधारण एवढाच किंवा थोडा अधिक आकडा दाखवते आणि तो १२ च्या खाली गेला तर ती जवळपास रिकामी समजावी. मात्र नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा फसवा असू शकतो. खरी परीक्षा भार पडल्यावर होते. सेल्फ दाबलेला असताना आकडा १० च्या बराच खाली घसरला असता, तर दोष बॅटरीला देता आला असता. माझा आकडा ११.५ वर टिकून राहिला आणि तरीही हेडलाइट मंदावतच होता.

यापुढच्या एका तपासणीने मीटरची किंमत वसूल झाली. एक प्रोब (मीटरच्या वायरीचे धातूचे टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा बटण दाबले. या दोन जागांमध्ये फक्त अर्थिंगची जाड वायर असते, त्यामुळे फरक अर्ध्या व्होल्टच्या आतच हवा. मीटर मात्र ५ च्या आसपास दाखवत होता. अर्थिंगचा बोल्ट सोडवला, तर वायरच्या रिंगखाली हिरवट-पांढरी पूड साचलेली होती. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासून बोल्ट पक्का आवळल्यावर तोच फरक ०.२ वर आला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झाले. बॅटरी अजून जुनीच आहे.

फ्यूज किंवा ब्रेकचा स्विच तपासायला मीटरचा बीप (दोन प्रोबमधली जोडणी अखंड असली की होणारा आवाज) पुरेसा आहे. वीजपुरवठा बंद ठेवून तपासावे, एवढेच.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. आकडा सेकंदाला दोन-तीन वेळाच बदलतो, त्यामुळे सेल्फ दाबताच क्षणभर येणारी सर्वांत मोठी घसरण निसटू शकते. प्लगची ठिणगी याने तपासू नये, कारण तिथला दाब हजारो व्होल्टचा असतो आणि मीटर जळून जाईल. लाल वायर चुकून मीटरच्या करंट मोजायच्या १० अँपिअरच्या खाचेत राहिली आणि प्रोब बॅटरीला टेकवले, तर थेट शॉर्ट सर्किट होते. हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून दर वेळी खाच बघूनच प्रोब टेकवावेत. सोबत आलेले टोकदार प्रोब टर्मिनलवरून घसरतात. मी चिमट्याच्या वायरी वेगळ्या घेऊन जोडल्या आहेत, त्यामुळे एका हाताने ब्रेक धरून दुसऱ्या हाताने सेल्फ दाबता येतो आणि आकडाही नीट वाचता येतो.